साळूबाईंच्या डोक्यातल्या लाटा

नवरा गेला त्या दिवसापासून साळूबाईंनी डोक्याला तेलाचं बोट लावलं नाही. त्यांच्या वाडीत तसा काही दंडक नव्हता. बाकीच्या विधवा बायका चापूनचोपून तेल लावत आणि गाठ मारत. पण साळूबाईंनी एकदा मनात घेतलं की ते ब्रह्मदेवाच्या बापालाही काढता येत नसे. त्यांचे केस कायम वाळक्या गवतासारखे भुरभुरत असायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं ते त्या कोरड्या केसांमुळं घडलं.

मी तेव्हा पौडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. धरणाकाठच्या वाड्यांमधली बाळंतपणं माझ्याकडं असत. डोंगर चढून जायचं, उकळलेलं पाणी मागायचं, आणि कोमट मिळालं की भांडायचं, असा माझा दिवस जाई. माझी जीभ तिखट होती, अजूनही आहे. साळूबाईंची त्याहून तिखट. आमचं जमायचं असं म्हणवत नाही, पण त्यांच्या वाडीत गेले की चहा मी त्यांच्याच घरी प्यायचे.

त्यांचं जुनं गाव पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. लोकांनी दारं काढली, वासे काढले, दळायची जाती डोक्यावर घेतली. साळूबाई नदीकाठी गेल्या आणि साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड पदरात बांधून, दोन खेपा करून वर घेऊन आल्या. साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला त्या धरतात, अशी त्या भागातली समजूत. देवतांना बुडू देऊ नये एवढंच त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला कळलं असावं. पुढं धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरे आणि पावसाळ्यात चढे. साळूबाई ते दगड पाण्याबरोबर खाली न्यायच्या आणि पुन्हा वर आणायच्या. हे काम त्यांनी जन्मभर केलं, कुणी सांगितलेलं नसताना.

अशा बाईच्या सुनेलाच आसरांनी धरावं, हा त्यांच्या मनाला लागलेला घाव होता.

सून म्हणजे चंद्राबाई, त्यांच्या एकुलत्या एक मुलाची, बहिरूची बायको. माहेर पिरंगुटकडचं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, भाताची लावणी चालू असताना, ती खाचरात कोसळली. आठवडाभराच्या झडीनंतर उघडीप पडली होती आणि ऊन लख्ख होतं. मूठ रोपांवर आवळलेली, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. बायकांनी उचलून बांधावर आणलं. मग तसं होतच राहिलं. पाऊस पडताना कधी नाही, घरात कधी नाही. ऊन असलं आणि ती पाण्याजवळ असली की व्हायचं. वाडीला याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. ऊन पडलं की साती बहिणी न्हायला वर येतात, आणि ही पोर त्यांच्या मनात भरली आहे.

मूल झाल्यावर थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. जया झाली, आणि दिवाळीनंतर एका सकाळी चंद्रा तिला काखेत घेऊन गोधड्या धुवायला काठावर गेली. तिथं ती पडली आणि पोरगी हातातून निसटून पाण्यात गेली. साळूबाई मागंच होत्या. त्यांनी उडी घेतली, पोरीला बाहेर काढलं, उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. पोरगी रडली तेव्हा साळूबाई मटकन खाली बसल्या, असं बहिरूनं मला सांगितलं. उठल्या त्या पोरीला घेऊनच. त्यानंतर त्यांनी जयाला आईच्या हातात दिलं नाही. शेळीचं दूध बोंडल्यानं पाजू लागल्या.

मला हे कळलं ते चंद्रा दवाखान्यात आली तेव्हा. छाती दगडासारखी घट्ट झालेली, अंगात ताप, चोळी दुधानं भिजलेली. मी विचारत गेले आणि ती खाली बघून सांगत गेली. रडली नाही. मलाच रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. दूध आटू नये म्हणून रोज पिळून काढत जा असं तिला बजावलं, आणि त्या रागातच मी वाडी चढून गेले.

“साळूबाई, आई जिवंत असताना पोरीला शेळीचं दूध?”

“आय जित्ती हाय, आता पोरगीबी जित्ती ऱ्हायाला पायजे का न्हाई?” त्यांनी जयाला मांडीवरून हलवलं नाही. “तुमी हुता का बाई काठाव? म्या पान्यातनं काढलीया तिला. ह्या हातांनी.”

“हा आजार आहे. याला औषध असतं.”

“आजार हाय का आसरा हायेत, ह्ये सांगनार कोन? तुमी?”

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर मागंच म्हणाले होते, की पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नवं यंत्र आलं आहे. डोक्याला तारा चिकटवतात आणि मेंदूत काय चाललंय ते कागदावर उमटतं. मी तेच सांगितलं. साळूबाई हसल्या. डोकं म्हणजे काय रांजण आहे, झाकण काढलं आणि आत बघितलं, असं म्हणाल्या. पण त्या रात्रभर विचार करणाऱ्या बाई होत्या. सकाळी बहिरूच्या हाती निरोप आला: येतो. धरणारं कोण आहे ते यंत्रानं दाखवलं तर पोरगी आईच्या मांडीवर देईन. नाही दाखवलं तर चंद्रानं माहेरी जावं, पोरगी इथंच राहील.

बहिरूनं हे खालच्या मानेनं सांगितलं. आईपुढं त्याचं काही चालत नसे.

पानशेतचा पूर येऊन गेल्यावरचा दुसरा हिवाळा होता. पुण्यात नदीकडच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा अजून दिसत होत्या. साळूबाई एसटीतून उतरून त्या खुणांकडं बघत उभ्या राहिल्या. “हितंबी आल्त्या व्हय आसरा,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांना हाताला धरून पुढं नेलं.

इस्पितळातली ती खोली लहान होती. डॉक्टर सबनीस म्हणून एक सावकाश बोलणारे गृहस्थ होते, आणि त्यांचा मदतनीस वाल्मीक यंत्र चालवायचा. एका बाजूला कपाटाएवढं यंत्र, त्यावर ओळीनं बारीक लेखण्या, आणि त्यांच्याखालून सरकणारा कागदाचा पट्टा. बहिरू जयाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. चंद्रा खुर्चीत बसली, वाल्मीकनं तिचा पदर डोक्यावरून मागं घेतला आणि तो थबकला.

तिचं डोकं तेलानं निथळत होतं.

“डोकं धुऊन आणा म्हणून कळवलं होतं ना?” तो माझ्याकडं बघून म्हणाला.

कळवलं होतं. मी वाडीत तीनदा सांगितलं होतं. मी साळूबाईंकडं वळले तर त्या माझ्यावरच उखडल्या. “धुतलं की. शिकेकाईनं चोळूनशान धुतलं, मंग तेल घातलं. सवाशीण बाई कोरड्या डोक्यानं शिवंच्या भायेर जाती व्हय?”

आता यावर काय बोलणार? धुतलेल्या डोक्याला तेल घालायचं नाही हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि माझ्या तरी कुठं आलं होतं? वाल्मीकनं मलम लावून तारांच्या चकत्या चिकटवून पाहिल्या. त्या मासोळीसारख्या घसरल्या. लेखण्या वेड्यावाकड्या खरडू लागल्या. पुन्हा धुवायला हवं, म्हणाला. मी चंद्राला मागच्या नळावर नेलं आणि साबणानं दोनदा खसाखसा धुतलं. पौषातलं पाणी, पोर कुडकुडत होती. आत आणलं तेव्हा मोकळ्या ओल्या केसांनी ती बसली आणि साळूबाईंनी तोंड फिरवलं. केस मोकळे सोडलेली बाई त्यांनी फक्त अंगात आलेली पाहिली होती.

केस वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात साळूबाई म्हणाल्या, “आदी माज्या डोक्याला लावा. ह्ये खरं बोलतंया का खोटं, मला बगू द्या.”

मला वाटलं डॉक्टर हाकलून देतील. त्यांनी साळूबाईंच्या भुरभुरत्या केसांकडं पाहिलं आणि हसून वाल्मीकला खूण केली. कोरडं डोकं. चकत्या पटापट बसल्या.

“आजी, डोळे मिटा. काही मनात आणू नका.”

साळूबाईंनी डोळे मिटले. लेखण्या जरा वेळ इकडंतिकडं हलल्या, आणि मग एका लयीत चालू लागल्या. कागदावर लाटा उमटत गेल्या, बारीक, सारख्या, एकीमागं एक. धरणावर सकाळचा वारा सुटतो तेव्हा पाणी असंच दिसतं. डॉक्टर मला म्हणाले, हा मेंदूतल्या विजेचा ठोका आहे. बॅटरीच्या एका सेलात जेवढी वीज असते, तिच्या हजारो भागांतला एक भागही नाही. यंत्र फक्त ती मोठी करून लिहितं.

“आता डोळे उघडा.”

लाटा गेल्या. एकाएकी गेल्या, कागदावर जवळजवळ सरळ रेघ. मिटा म्हणाले की परत लाटा. मी इतकी वर्षं माणसं जन्माला येताना पाहिली, मरताना पाहिली, नाडी मोजली, छातीचे ठोके ऐकले. पण डोक्याच्या कवटीआड असं काही अखंड चाललेलं असतं आणि ते कधी कुणाच्या डोळ्यांना दिसेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

साळूबाईंचा मात्र वाल्मीकवर संशय होता. “त्यो हातानं करतुया,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी वाल्मीकला दाराशी उभं केलं, हात मागं बांधून. तरी तेच. मग डॉक्टरांनी सांगितलं, डोळे मिटलेलेच ठेवा आणि मनात हिशोब करा, तुमच्या सगळ्या खाचरांना मिळून रोपांच्या किती पेंढ्या लागतात. डोळे मिटलेले असूनही लाटा मोडल्या. लेखण्यांचा आवाज बदलला, आणि तो साळूबाईंनाही ऐकू आला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. जरा वेळानं आवाज पुन्हा एका लयीत आला.

“आजी, हिशोब सोडलात,” डॉक्टर म्हणाले.

“न्हाई, करतीया की.”

“नाही करत.”

साळूबाई डोळे न उघडताच हळूच म्हणाल्या, “सोडला व्हता.” आणि लगेच, “किती पेंढ्या झाल्या ते कळलं का ह्याला?”

“ते नाही कळत. आत काम चाललंय की नाही, एवढंच. काय चाललंय ते तुमचं तुमच्याकडं.”

हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी यंत्राला मानलं. सगळं कळतं असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला अंगात आणणारा भगतच समजलं असतं.

चंद्राचे केस वाळले. चकत्या बसल्या, डोळे मिटले, लाटा आल्या. साळूबाई लेखण्यांना जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. “माज्यावानीच हायेत,” त्या पुटपुटल्या. सुनेच्या डोक्यातही आपल्यासारख्याच लाटा असतील, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं.

तेवढ्यात बाहेर जया रडली. भिंतीआडून, बारीक आवाजात. चंद्रा हलली नाही. तिला हलू नको म्हणून सांगितलं होतं, मिटलेली पापणीसुद्धा तिनं हलवली नाही. पण कागदावरच्या लाटा मोडल्या. पोरगी गप्प झाली तशा परत आल्या. पुन्हा रडली, पुन्हा मोडल्या. डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती, साळूबाईंना आता वाचता येत होतं. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग सुनेच्या निश्चल चेहऱ्याकडं, मग परत कागदाकडं. दोन महिने चंद्रा त्यांच्यासमोर मूग गिळून वावरत होती आणि त्यांना वाटत होतं की तिला फारसं काही वाटत नाही.

मग डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि एक दिवा चंद्राच्या चेहऱ्यासमोर आणला. तो लुकलुकत होता, आधी सावकाश, मग जलद. लेखण्या त्याच्या ठेक्यावर डुलू लागल्या. दिवा आणखी जलद झाला आणि एकदम सगळ्या लेखण्या उसळल्या. कागदभर टोकदार सुळके, एकाला एक चिकटून. चंद्राचे खांदे झटका बसल्यासारखे उडाले. डॉक्टरांनी त्याच क्षणी दिवा बंद केला. सुळके थांबले, लाटा परत आल्या, आणि चंद्रा “काय झालं?” म्हणाली.

साळूबाईंनी पुढं होऊन त्या विझलेल्या दिव्याला हात लावून पाहिला. समोर आसरा नव्हत्या, पाणी नव्हतं, पुण्यातली चार भिंतींची खोली होती. आणि जे काठावर सुनेला धरायचं, ते इथं एका माणसानं बोटानं कळ दाबून आणलं होतं आणि कळ दाबून परत पाठवलं होतं.

“असा उजेड तिच्या बघण्यात कुठं येतो?” डॉक्टरांनी विचारलं.

चंद्रा आठवत राहिली. उत्तर साळूबाईंनी दिलं. “पान्याव,” त्या म्हणाल्या. “उघडीप पडली की खाचरात ऊन नाचतं. धरनावबी.”

डॉक्टरांनी समजावलं, की काहींच्या मेंदूला असा नाचरा उजेड सोसत नाही. सगळ्या पेशी एकदम त्याच्या ठेक्यावर धावतात, आणि माणूस पडतं. गोळ्या रोज घ्यायच्या. आणि ऊन नाचताना दिसलं की एक डोळा तळहातानं पुरता झाकायचा. बहुतेकांना तेवढंच पुरतं. त्यांनी चंद्राला एका डोळ्यावर हात ठेवायला लावून दिवा पुन्हा लावला. तसाच जलद लुकलुकला. लेखण्या डुलल्या, पण सुळके आले नाहीत. एवढं कपाटाएवढं यंत्र, आणि त्यानं सांगितलेला उपाय म्हणजे बाईचा स्वतःचा तळहात. मला हसावं की हात जोडावेत कळेना.

“मंग आसरा न्हाईतच म्हना की,” साळूबाई म्हणाल्या.

“ते बघायचं यंत्र माझ्याकडं नाही, आजी. मला उजेड आणि डोकं एवढंच दिसलं.”

परतीच्या एसटीत साळूबाई खिडकीशी बसल्या, मांडीवर जया, शेजारी चंद्रा. रस्त्याकडेच्या झाडांमधून संध्याकाळचं ऊन लुकलुकत आत येत होतं. मी बघायच्या आधी साळूबाईंनी पदर सोडून खिडकीच्या गजांना बांधला होता. मला वाटलं, आता देतील पोरगी. नाही दिली. पौडला उतरल्यावर मी अडून विचारलं तर म्हणाल्या, “यंत्र पुन्यात हाय. पानी हितं हाय. पान्याव बगू.”

मला असा संताप आला की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण चार-पाच दिवसांनी गोळ्या नीट चालल्यात का ते बघायला गेले, तेव्हा घर रिकामं होतं. अंगणातून बहिरू म्हणाला, दोघी काठावर गेल्या आहेत. मी उतारावरून जवळजवळ धावतच गेले.

सात दगडांना नवा शेंदूर होता. समोर खण, नारळ, हिरव्या बांगड्या. साळूबाईंनी ओटी भरली होती. आसरा नाहीत असं यंत्रानं म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपली बाजू सोडली नव्हती. पलीकडं सबंध धरणावर ऊन नाचत होतं, बघवत नव्हतं इतकं. चंद्रा पाण्याकडं तोंड करून उभी होती, डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून. तिचे ओठ पांढरे पडले होते. साळूबाई जयाला कडेवर घेऊन तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. मी होते तिथंच थांबले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चंद्रा पडली नाही.

जयानं आईला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं करून रडायला सुरुवात केली. चंद्रानं उजवा हात पुढं केला. एका हातानं सहा महिन्यांची पोर घेता येत नाही, आणि दुसरा हात डोळ्यावरून काढायची सोय नव्हती. ती तशीच उभी राहिली, एक हात पुढं, एक हात डोळ्यावर, आणि पहिल्यांदाच तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “माजा हात रिकामा न्हाई.”

साळूबाई दोन पावलं पुढं आल्या. त्यांनी पोरगी सुनेच्या कुशीत ठेवली. चंद्राचे दोन्ही हात पोरीभोवती गेले, आणि डोळा उघडा पडायच्या आत साळूबाईंनी त्यावर स्वतःचा तळहात ठेवला.

“पाज तिला,” त्या म्हणाल्या. “म्या धरलाय.”